पान दोनशे चौदावरची भरती

किशोरीने आयुष्यातली पहिली कादंबरी वाचली ती सूड घ्यायचा म्हणून. तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. पनवेलला उरण नाक्यावरच्या मासळी बाजारात तिचा सतरा वर्षांचा जुना ओटा होता. सासर पनवेलच्या कोळीवाड्यात, माहेर करंजाला. शिक्षण सातवीपर्यंत. छापलेलं म्हणून जे काही ती वाचायची ते वर्तमानपत्र, तेही बोंबील बांधून देण्याआधी कागद हातात असेल तेवढाच वेळ.

कादंबरीचं नाव ‘खाडीचा फितूर’. २००६ साली निघाली. लेखक विनायक केळशीकर, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, राहायला रोडपालीला. पानं चारशे बारा. मुखपृष्ठावर गलबत आणि गलबतामागे चंद्र. कादंबरीतला फितूर म्हणजे करंजाचा तांडेल धर्मराज नाखवा. पान दोनशे चौदावर तो फिरंग्यांकडून मोहरांची थैली घेतो आणि चैत्री पौर्णिमेच्या पहाटे, तुडुंब भरलेल्या खाडीतून, त्यांची चार गलबतं कोटाच्या पायथ्याशी आणून लावतो. पुढच्या सहा पानांत कोट पडतो.

किशोरी माहेरची नाखवा. धर्मराज तिच्या वडिलांचा आठ-दहा पिढ्यांमागचा पूर्वज. त्याच्याबद्दल घरात कागद म्हणून एक चिटोरं नाही, फक्त सांगत आलेली गोष्ट आहे, आणि ती गोष्ट कादंबरीच्या नेमकी उलटी आहे. फिरंग्यांनी धर्मराजाची बायकापोरं धरली आणि गलबतं कोटापर्यंत ने म्हणून सांगितलं. त्याने भरल्या पाण्यावर ती खाडीत घेतली, वाट चुकल्यासारखी इकडून तिकडे फिरवत ठेवली, आणि पौर्णिमेच्या पहाटे चारही गलबतं चिखलात रुतून कलंडली. कोटावरच्यांनी खाली उतरून ती सावकाश जाळली. धर्मराजाला फिरंग्यांनी त्याआधीच गलबतावर मारून टाकलं होतं.

म्हणून करंजाला नारळी पौर्णिमेचा पहिला नारळ नाखव्यांचा. सोनेरी कागदात गुंडाळलेला तो नारळ घरातल्या वडील पुरुषाने देवळापासून धक्क्यापर्यंत डोक्यावर न्यायचा आणि कमरेइतक्या पाण्यात उतरून दर्याला द्यायचा. त्यानंतर बाकीच्यांचे नारळ, त्यानंतर होड्या. किशोरीचे वडील काशीराम यांनी तो बेचाळीस वर्षं नेला.

केळशीकर २००३ साली करंजाला येऊन गेले होते. दोन दिवस काशीरामच्या ओटीवर बसले, जेवले, वहीत लिहून घेतलं. काशीरामने सगळी गोष्ट सांगितली, हातवारे करून, जमिनीवर खडूने खाडीचं वळण काढून. मग केळशीकर दादूकडेही गेले. दादू मच्छीमार सोसायटीत मोठा माणूस, दोन ट्रॉलरचा मालक. नारळाच्या मानावर त्याच्या बापापासून घरच्यांचा डोळा. त्याने सांगितलं की धर्मराज विकला गेला होता, आणि त्याला पकडून त्याचं मुंडकं उडवणारा आमचा पूर्वज. लेखकाला आपल्या कादंबरीत एक फितूर हवाच होता. तो आयता मिळाला. ऋणनिर्देशात दादूच्या नावाला दोन ओळी आहेत. काशीरामचं नाव नाही.

२००७च्या श्रावणात गावकीच्या बैठकीला दादू कादंबरी घेऊन आला. पान दोनशे चौदा त्याने स्वतः वाचलं, अडखळत, बोट ठेवून. चंद्र, पहाट, खाडी हे सगळं गाळून थेट मोहरांच्या थैलीवर आला. फितुराच्या घरचा नारळ दर्या घेईल का, एवढंच विचारलं. कुणीतरी म्हणालं, दादू, हे तू बोलतोयस.

“मी नाय बोलत,” दादू म्हणाला. “पुस्तक बोलतंय.”

काशीरामला वाचता येत नाही. फितूर हा शब्द ऐकल्यावर तो उठला आणि घरी गेला. त्याच्या मागे पंचांनी नारळ दादूच्या घराला दिला. त्या दिवसापासून काशीराम धक्क्यावर जायचा बंद झाला. मागच्या दाराला भिंतीकडे तोंड करून जाळी विणत बसायचा. वय शहात्तर. दमा होता. किती श्रावण उरले होते ते कुणीही सांगू शकलं असतं.

किशोरीला जे हवं होतं ते साधं होतं. नारळ बापाच्या डोक्यावर परत, त्याच्या जिवंतपणी, आणि ज्या दोघांनी तो काढला त्यांची चारचौघांत नाचक्की. पहिलं झालं आणि दुसरं राहिलं तर चालेल का, असं तिला कुणी विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती.

लाइन आळीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर अरुंधती पोंक्षे यांचं छोटं वाचनालय होतं. किशोरी तिथे सभासद झाली. पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी तक्रार केली की पुस्तकाला मासळीचा वास येतो. अरुंधतीबाईंनी ती किशोरीच्या कानावर घातली, जरा ओशाळून. किशोरी त्यानंतर पुस्तक प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत ठेवायची आणि लिंबाने हात धुतल्याशिवाय उघडायची नाही. वास गेला. बाईंचं नाव मात्र तिने विचारून लक्षात ठेवलं. त्या बाईंना पुढची सहा वर्षं तिच्या ओट्यावर ताजा पापलेट मिळाला नाही.

‘खाडीचा फितूर’ तिने अकरा दुपारी वाचली, माल संपल्यावर, ओट्यावर मांडी घालून. दोनशे चौदाव्या पानावर ती थांबली. दादूने गाळलेली वाक्यं तिथे होती. चैत्री पौर्णिमा, पहाट, पश्चिमेला कललेला चंद्र, चार गलबतं.

कोळ्याच्या घरातल्या पोरीला भरतीची वेळ काढायला पंचांगाखेरीज काही लागत नाही. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ येते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पौर्णिमेला पाणी भरतं ते अकरा-बाराच्या सुमाराला, दिवसाही आणि रात्रीही. पहाटे त्या खाडीत बगळे चालतात.

म्हणजे लेखकाने बापाच्या गोष्टीतली तिथी घेतली, वेळ घेतली, चंद्र घेतला, चार हा आकडासुद्धा घेतला. ते त्याला सुंदर वाटलं असावं. फक्त पाणी बदललं. कुठल्याही तांडेलाने ते पान ऐकलं असतं तर त्याला चारही गलबतं चिखलात कललेलीच दिसली असती.

तिने हे करंजाला जाऊन काशीरामला सांगितलं. त्याने विणायचं थांबवलं नाही.

“बाय, लोकांना छापलेलं दिसतं,” तो म्हणाला. “पानी दिसत नाय.”

मग तिने केळशीकरांना पत्र लिहिलं, भरतीच्या हिशोबासकट. तीन आठवड्यांनी टंकलिखित उत्तर आलं. कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, ललित लेखकाला स्वातंत्र्य असतं. शेवटी लिहिलं होतं: आपण वाचन वाढवावे.

किशोरीने ते वाढवलं. पुढच्या साडेतीन वर्षांत तिने अरुंधतीबाईंच्या वाचनालयातल्या एकशे सात ऐतिहासिक कादंबऱ्या वाचल्या आणि प्रत्येकीबद्दल शंभर पानी वह्यांत लिहून ठेवलं. आवडीने वाचल्या असं म्हणता येणार नाही. मासळी साफ करणारी बाई पोट फाडून आत काय आहे ते बघते, तशा वाचल्या. तरी काही पानांवर तिचा सुरा थांबायचा. एका कादंबरीत एक म्हातारी राणी दात दुखतो म्हणून मसलतीला जात नाही. तिथे किशोरीने लिहिलं, हे खरं आहे. दुसरीत घोड्याच्या पाठीवरचं खोगीर काढल्यावर खालची कातडी सोललेली निघते. तिथेही खरं. अशी ‘खरं’ एकशे सात पुस्तकांत मिळून बावीस.

बाकीच्या नोंदी वेगळ्या होत्या. घोडे तीन-तीन दिवस धावतात, त्यांना दाणा कोण देतं ते येत नाही. लढाईच्या आदल्या रात्री सगळे बोलतात, जेवत कुणी नाही. राजा बोलतो तसाच हुजऱ्या बोलतो, फक्त शेवटी जी लावतो. समुद्र नेहमी खवळलेला असतो, मार्गशीर्षातसुद्धा. गलबत बैलगाडीसारखं जागच्या जागी वळतं. बायका सारख्या निरांजन घेऊन उभ्या, त्यांचे हात कशानेही मळलेले नाहीत. कोळी येतो तो काळा तुळतुळीत, उघडा, आणि प्रत्येक वेळी वाट दाखवायला किंवा वाट विकायला. समुद्राचे चाळीस प्रसंग तिने पाऊणपटीने तपासले. एकतीस चुकलेले निघाले.

अरुंधतीबाईंनी एकदा त्या वह्या चाळल्या. त्या मराठीच्या निवृत्त शिक्षिका. म्हणाल्या, किशोरी, तू समीक्षा लिहितेस. किशोरीने वह्या परत मागून घेतल्या.

२०११च्या फेब्रुवारीत वाचनालयाला पंचवीस वर्षं झाली. कार्यक्रमाला पाहुणे विनायक केळशीकर. ‘वाचकाचे मनोगत’ म्हणून पाच मिनिटं एका सभासदाने बोलायचं होतं. मासळी विकणारी बाई एवढ्या कादंबऱ्या वाचते, याचं अरुंधतीबाईंना मनापासून कौतुक होतं, त्यांनी तिचंच नाव घातलं. हीच वेळ, असं किशोरीला वाटलं. आठ दिवस तिने भाषण तयार केलं. तिथी, पाऊणपट, मोहरा, सगळं. आदल्या दिवशी कोळंबी सोलताना तिने ते मनात म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. सभागृहात साठ माणसं असणार, त्यांतल्या एकालाही पौर्णिमेची पहाट आणि ओहोटी यांचा संबंध ठाऊक नाही. ती बोलेल, लेखक हसून ललित स्वातंत्र्याचं वाक्य टाकेल, टाळ्या त्यालाच पडतील. बापाचं म्हणणं बरोबर होतं. मग पाणीच दाखवायला हवं.

तिने स्तुती केली. साध्या, स्वच्छ शब्दांत. साहेबांच्या कादंबरीतली चैत्री पौर्णिमेची पहाट आपल्याला पाठ आहे, असं म्हणाली, आणि पान दोनशे चौदाची सात वाक्यं न बघता म्हणून दाखवली. करंजा आपलं माहेर. येत्या चैत्री पौर्णिमेला पहाटे साहेबांनी तिथे यावं, धक्क्यावर उभं राहून ते पान वाचावं, आणि त्याच वाटेने होडीतून कोटाच्या जागेपर्यंत जावं. होडी चालवायला दादूकाका असावेत, कारण साहेबांनी ऋणनिर्देशात त्यांचेच आभार मानले आहेत.

केळशीकर भारावले. माणूस वाईट नव्हता. त्यांना आपल्या वाक्यांवर प्रेम होतं आणि ती कुणाला पाठ असल्याचा अनुभव त्यांना पहिल्यांदाच येत होता. ते तिथल्या तिथे हो म्हणाले. वाचनालयाने मिनीबस ठरवली. पत्र पाठवणारी बाई हीच, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. पत्रावर तिने माहेरचं नाव घातलं होतं.

दादूला त्यांचा फोन गेला तेव्हा त्याने साहेबांना दुपारी यायला सांगितलं, जेवण करू म्हणाला. साहेब म्हणाले, पहाटच हवी, पुस्तकात पहाट आहे. फोन ठेवल्यावर दादूला काय ते कळलं. तिसऱ्या दिवशी तो पनवेलच्या बाजारात किशोरीच्या ओट्यासमोर उभा होता, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. बाजूच्या ओट्यावरच्या मैनाने त्याला हलव्याचा भाव सांगितला. त्याने ऐकलं नाही.

“बोलावनं तू धाडलंस?” त्याने विचारलं.

“मी नाय धाडलं, काका. पुस्तकाने धाडलं.”

दादू भाव विचारल्यासारखा सुरमईवर वाकला. मग खालच्या आवाजात बोलला. काशीरामदादाची तब्येत बरी नाही, आपणही पाहतो, आपल्यालाही वाईट वाटतं. या श्रावणात नारळ त्याच्या डोक्यावर देऊ. गावकीत आपण बोलू. गाजावाजा कशाला. ही सहल तेवढी रद्द कर.

किशोरीचा हात चालायचा थांबला. चार वर्षं तिला जे हवं होतं ते समोर ठेवलेलं होतं, आणि बापाचा दमा त्या महिन्यात वाढला होता. सहल फिसकटली, दादू बिथरला, तर हेही हातचं जाणार होतं. तिने हे सगळं मोजलं. पण दादूने दिलेला नारळ म्हणजे दादूने केलेली दया, आणि फितूर फितूरच. गाव म्हणणार, दादू मोठ्या मनाचा.

“देनारा तू कोन?” ती म्हणाली. “घेतलास तवा गाव बसला होता. देशील तवा बी बसंल.”

“पोरी, मी येनार नाय त्या दिवशी.”

“नको येऊ. मग मीच सांगन साहेबांना, तांडेल का पलाला ते.”

मैना हसली. दादू गेला. सुरमई घेतली नाही.

चैत्री पौर्णिमा सोमवारी पडली, तरी मिनीबस भरून आली. वाचनालयाचे सभासद बहुतेक निवृत्त. पावणेसहाला बस करंजाच्या धक्क्यावर लागली. किशोरी आदल्या दिवसापासून माहेरी होती. तिने घरोघर जाऊन सांगितलं होतं, पुस्तकवाले साहेब येतायत, धर्मराजाचं पान वाचणार आहेत. निम्मा गाव जमला होता. काशीरामला तिने अंघोळ घालून, लाल टोपी घालून, धक्क्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. चार वर्षांनी तो तिथे आला होता. लोक त्याच्यापासून थोडे लांब उभे होते. दादूही आला होता. न येण्याची नामुष्की मोठी की येण्याची, याचा विचार त्याने शेवटपर्यंत केला असावा.

केळशीकर बसमधून उतरले ते पुस्तक उघडूनच. गळ्यात रेशमी उपरणं. चंद्र पश्चिमेला होता, मोठा, पिवळसर, त्यांच्या पुस्तकात होता तसा. त्यांनी तो बघितला, समाधानाने मान हलवली आणि धक्क्याच्या टोकाला उभं राहून वाचायला सुरुवात केली. आवाज चांगला होता. पहाटेचा गार वारा, कोटावरचे पेंगुळलेले पहारेकरी, आणि मग ते वाक्य: खाडी काठोकाठ भरून आली होती, जणू चांदण्याचं दूध उतू जात होतं.

सभासदांपैकी एका गृहस्थांनी खाली पाहिलं. मग त्यांच्या बायकोने. खाली चिखल होता. धक्क्यापासून पलीकडच्या तिवरांपर्यंत करडा, चकचकीत चिखल, मधोमध वितीएवढी पाण्याची रेघ. होड्या कुशीवर आडव्या पडलेल्या. बगळे पाय उचलून चालत होते. एक बाई गुडघाभर गाळात उभी राहून शिंपल्या काढत होती, तिने वर बघितलं आणि पुन्हा कामाला लागली.

केळशीकरांचं लक्ष पानावर होतं. गलबतं आत येईपर्यंत ते वाचत राहिले. कुणीतरी हसलं, मग बरेच हसले, तेव्हा त्यांनी मान वर केली. आधी लोकांकडे पाहिलं, मग खाडीकडे. उतू जाणारं दूध त्यांच्या बुटांच्या वीस फूट खाली होतं आणि त्याला वास येत होता.

“आज काही झालंय का?” त्यांनी विचारलं.

किशोरी पुढे झाली. लेखकाशी ती बोललीच नाही. दादूकडे वळली आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “काका, साहेबांना होडीत बसवा. चला कोटापर्यंत.”

दादू एक पाऊल मागे सरकला.

“तांडेल ना तुमी? पानी कधी यील?”

“नवाला लागंल,” दादू जमिनीकडे बघत म्हणाला. “बाराला भरंल.”

“आनि पौर्निमेच्या पहाटे कुनी गलबतं आनली इथं तर?”

धक्क्यावर चाळीस वर्षं होडी हाकलेली पंचवीस-तीस माणसं उभी होती. खोटं बोललं तर तांडेल म्हणून दादूची अब्रू जाणार होती, खरं बोललं तर नारळ. उत्तर दुसरीकडून आलं. गावकीचा एक म्हातारा पंच, २००७च्या बैठकीत दादूच्या बाजूने हात वर केलेला, हळूच म्हणाला, “रुततील.” मग सगळे काशीरामच्या खुर्चीकडे बघायला लागले. दोन-तीन माणसं सरकून त्याच्या जवळ गेली. काशीराम खाडीकडे बघत होता. चार वर्षांत त्याने ती पाहिली नव्हती. वाळू कुठे सरकली, नवी काठी कुणी रोवली, याच्यात त्याचं लक्ष होतं.

केळशीकरांनी स्वतःला सावरलं. म्हणाले, कादंबरी ही शेवटी कादंबरी. पुढच्या आवृत्तीत फितुराचं नाव बदलून टाकू, कुणाच्या भावना दुखवायचा हेतू नव्हता.

“नाव राहू द्या,” किशोरी म्हणाली. “शेवट बदला. तिथी तुमची, वेळ तुमची, चंद्र तुमचा. त्यात फक्त पाणी खरं घाला, बाकीचं आपोआप होईल.”

ते यावर विचार करतो म्हणाले. अरुंधतीबाई त्या परतीच्या प्रवासात किशोरीशी एक शब्द बोलल्या नाहीत. आपल्याला वापरलं, असं त्यांना वाटलं, आणि ते खरं होतं. पुढे दोन महिन्यांनी त्या बोलायला लागल्या, किशोरीने माफी न मागता.

त्या श्रावणात गावकी बसली. बैठक दहा मिनिटांत आटोपली. रिवाज असा की ज्याच्या हातून मान जातो त्याने नव्या मानकऱ्याच्या मागून पूजेचं ताट धरून पाण्यात उतरायचं. नारळी पौर्णिमेला काशीराम दोन ठिकाणी थांबला, धाप लागली म्हणून. पण नारळ त्याने दुसऱ्या कुणाला धरू दिला नाही. दादू मागे ताट घेऊन. पाण्यात उतरताना काशीरामचा पाय घसरला तेव्हा दादूने पटकन एका हाताने त्याचा दंड धरला, ताटातलं कुंकू पाण्यात सांडलं. बायका म्हणाल्या, बघा, कसं मिटलं सगळं. किशोरी काठावर होती. मिटलं वगैरे तिला काही वाटलं नाही. दादूची इस्त्रीची पँट कमरेपर्यंत भिजलेली तिने नीट बघून घेतली.

काशीरामने पुढच्या वर्षीही नारळ नेला. २०१३च्या मे महिन्यात तो गेला. मान आता किशोरीच्या भावाकडे आहे.

‘खाडीचा फितूर’ची दुसरी आवृत्ती त्याच साली निघाली. किशोरीने पहिल्या दिवशी वाचनालयात जाऊन पान दोनशे चौदा काढलं. धर्मराज नाखव्याच्या जागी दुसरंच नाव होतं. पहाट तीच, चंद्र तोच, खाडी काठोकाठ. मोहरांची थैली जागच्या जागी. ऋणनिर्देशातलं दादूचं नाव काढून टाकलं होतं, आणि काशीरामचं घातलेलं नव्हतं. शेवट बदलायला लेखकाला सहा पानं पुन्हा लिहावी लागली असती.

२०१४च्या उन्हाळ्यात केळशीकर बाजारात आले, स्वतः, जाडजूड हस्तलिखित घेऊन. नवी कादंबरी, आरमारावरची, आयुष्यातलं सर्वांत मोठं काम. करंजाला झालेली फजिती आपण विसरलो नाही, त्यातून शिकलो, असं म्हणाले. मुंबईचे मोठे प्रकाशक छापणार आहेत. तेवढं भरती-ओहोटीचं एकदा डोळ्यांखालून घालाल का? बोलताना त्यांनी तिला अहो-जाहो केलं. पुस्तकात तिचे आभार मानायची त्यांची इच्छा होती.

किशोरीने हस्तलिखित पिशवीत ठेवलं आणि दीड महिना दुपारी वाचलं. मन लावून वाचलं, पेन्सिल न लावता. समुद्राचे एकोणीस प्रसंग होते. अष्टमीला भर दुपारी पाणी तुडुंब, जिथे नुसते खडक उघडे पडतात. अमावास्येच्या संध्याकाळी आरमार खाडीबाहेर काढलेलं. कळसाची लढाई, साठ पानांची, चतुर्दशीच्या पहाटेच्या भरतीवर उभी होती, आणि तिने दोनदा पाऊणपट करून पाहिली, दोन्ही वेळा साडेदहाच आले. एकूण अकरा चुका. त्यांतली शेवटची काढली असती तर साठ पानं कोसळली असती.

तिने वहीचं कोरं पान फाडलं आणि लिहिलं: हस्तलिखित वाचले, समुद्राचे सर्व प्रसंग तपासले, पाणी सगळीकडे बरोबर आहे. खाली आणखी एक ओळ घातली, की आपलं नाव पुस्तकात कुठेही छापू नये. केळशीकर कागद घ्यायला आले तेव्हा ही दुसरी ओळ वाचून त्यांना भरून आलं. अशी निरपेक्ष माणसं आता राहिली नाहीत, असं ते म्हणाले आणि अर्धा किलो कोळंबी घेऊन गेले. कोळंबी तिने ताजी दिली.